पावसाचे डाग आणि थंडीतला खोकला

काकू, नमस्कार. आमचं खेडं चंद्रपूर जिल्ह्यात, वीज केंद्राच्या चिमणीपासून सहा-सात किलोमीटरवर. तीन एकर वावर आहे, पऱ्हाटी आणि तूर. पोळ्याच्या आधी आठ दिवस उघाड होती. मग एका दुपारी सर आली आणि दोरीवरच्या पांढऱ्या चादरीवर राखाडी ठिपके उमटले. दोन दिवसांनी पऱ्हाटीच्या पानांवरही डाग दिसले. घरावरच्या टिना चार वर्षांत गंजल्या. पोरगी नऊ वर्षांची, तिचा खोकला जात नाही, रात्री छातीत शिट्टी वाजते. माझा मोठा भाऊ मुंबईला माहूलमध्ये रिफायनरीजवळ राहत होता. तो म्हणतो, हा तेजाबी पाऊस आहे, वावर विका आणि निघा. आमचे मालक केंद्रातच ठेकेदाराकडे राखेच्या कामावर आहेत. ते म्हणतात, तू तोंड उघडलं तर माझी हजेरी बंद होईल. सासूबाई पोरीला पावसात पाय टाकू देत नाहीत. विहिरीचं पाणी प्यावं का? वावर विकावं का? काही समजत नाही जी.
– एक माय

बाई, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा डोळे चादरीवरच्या ठिपक्यांवर अडकले. तीस वर्षं पोरांना रसायनशास्त्र शिकवलं, ती खोड जात नाही. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं की मुख्य गोष्ट तू चादर आणि टिनांच्या मागे, जाता जाता लिहिली आहेस. रात्री शिट्टी वाजते. त्यावर येतेच, पण आधी पाऊस निस्तरू, कारण घरातला सगळा वाद त्याच्यावरून पेटलाय.

चादरीवर पडलं ते तेजाब नाही. आम्लाला रंग नसतो. ते पडलं असतं तर तुला दिसलंच नसतं. राखाडी ठिपका म्हणजे राख आणि कोळशाची भुकटी. आठ दिवसांच्या उघाडीत चिमणीची, राखेच्या तळ्याची आणि रस्त्यावरच्या ट्रकांची जी धूळ हवेत तरंगत होती, ती पहिल्या सरीने खाली उतरवली. अर्ध्या तासाने त्याच पावसात दुसरी चादर धरली असतीस तर तिच्यावर बहुधा काही उमटलं नसतं. पाऊस हवा धुतो. सासूबाईंना सांग, धुवून निघालेल्या हवेत पोरीला खुशाल खेळू द्या.

आता तेजाबी पाऊस. पुस्तकात त्याला आम्लवर्षा म्हणतात. अगदी निर्मळ हवेतला पाऊसही किंचित आंबट असतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. त्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, सुमारे ५.६. त्याच्या खाली उतरला की आम्लवर्षा म्हणायची, आणि हा आकडा एकाने उतरला की आंबटपणा दहापट होतो. ऐकून छातीत धस्स होतं, पण ताक घे. ताकाचा पीएच साडेचारच्या आसपास, लिंबाचा दोन-अडीच. पोरगी ताक पिते, लिंबू चोखते, तिला काही होत नाही. मग पाच पीएचच्या पावसात भिजून तिची कातडी कशी जळेल? आम्लवर्षेचं नुकसान संथ असतं. तळ्यातले मासे, जंगलाची माती, दगडी मूर्ती, लोखंडी पूल यांना ती वर्षानुवर्षं कुरतडते.

तुझा भाऊ साफ चूक आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या कोळशात गंधक कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. राख मात्र ३५-४० टक्के. अर्धा टक्का किरकोळ वाटतो, म्हणून फळ्यावर मांडतो तसा हिशेब मांडते. एक टन कोळशात ५ किलो गंधक. ते जळलं की त्याच्या दुप्पट वजनाचा, म्हणजे १० किलो सल्फर डायऑक्साइड होतो. ५०० मेगावॉटचा एक संच पुऱ्या जोरात चालला तर दिवसाला साधारण सात-आठ हजार टन कोळसा खातो. म्हणजे एका संचातून रोज ७०-८० टन वायू. राख पकडायला चिमणीच्या आधी विजेवर चालणारी यंत्रं असतात, ती नीट चालली तर शंभरातली नव्याण्णव हिस्से राख अडवतात. वायू त्यांच्यातून सरळ निघून जातो. त्याला अडवायला एफजीडी नावाचं वेगळं यंत्र लागतं, त्यात चुनखडी कालवलेल्या पाण्याने धूर धुतात. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने या वायूवर मर्यादा घातली आणि दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढत वाढत गेली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना या यंत्रातून सूटच मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी, हे त्यामागचं एक कारण. टक्का कमी आहे हे खरंच. टन किती होतात ते कुणी बोलत नाही. आणि चुनखडीचं म्हणाल तर ती आपल्या उशाशी आहे, गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांना पुरून उरेल इतकी.

पण हा वायू चिमणीच्या तोंडाशीच आम्ल होत नाही. हवेत त्याला काही तास, कधी एक-दोन दिवस लागतात, आणि मोठ्या केंद्रांच्या चिमण्या २७५ मीटर उंच असतात. तोवर तो शेकडो किलोमीटर गेलेला असतो. इंग्लंडने अशाच उंच चिमण्या बांधून आपल्या शहरांची हवा हलकी केली आणि आंबट पाऊस स्वीडन-नॉर्वेच्या तळ्यांत पडला. १९६७-६८ मध्ये स्वान्ते ओडेन नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने तो धागा जोडून दाखवला तेव्हा कुठे लोकांना उमगलं. तेव्हा तुमच्या चिमणीचा आंबटपणा कदाचित गडचिरोलीच्या जंगलात उतरत असेल, तुझ्या अंगणात नव्हे. शिवाय आपल्याकडची धूळ चुनखडीची, ती आम्ल मारते. राखही बऱ्याचदा मारते. भांडी घासायची राख हाताला बुळबुळीत लागते ना, त्याच गुणाने. म्हणून आपला पाऊस तेव्हाच्या युरोपाइतका आंबट होत नाही. देशात दहा ठिकाणी पावसाच्या पाण्याची वर्षानुवर्षं तपासणी होते, त्यात नागपूर आहे. पाऊस आंबट होत चालल्याची जी नावं पुढे आली, त्यांत विशाखापट्टणम आणि अलाहाबादसोबत नागपूरचंही नाव आहे.

(घरी बघायचंच असेल तर शाळेतल्या सरांकडून पीएचची कागदी पट्टी माग. भांडं उघड्यावर ठेव, टिनाखाली नको. आंबटात रंग बदलणाऱ्या जास्वंदीच्या पाण्याचा प्रयोग पोरीला जरूर दाखव, पण पाच आणि साडेपाचातला फरक जास्वंदीला कळत नाही. पट्टीलाही धड कळत नाही.)

माहूलचं दुखणं वेगळ्या जातीचं. रिफायनरीत गंधकाचे वायू असतातच, पण शेजाऱ्यांना तिथे खरा ताप होतो तो तेलाच्या वाफांचा: बेंझिन, टोल्युइन, त्यांचा तो उग्र वास, डोकं धरणं, मळमळ. तुझ्या पत्रात वासाबद्दल एक शब्द नाही, आणि तो असता तर तू लिहिला असतास. माहूलची हवा रहिवाशांच्या तब्येतीला धोक्याची आहे असं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये म्हटलं, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या कुटुंबांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं द्या, असा आदेश दिला. भाऊ होरपळून निघालेला माणूस आहे. तो घाईने सल्ला देतो त्याला माया म्हण, पण त्याची दवा तुझ्या दुखण्याला लागू पडत नाही.

रिफायनरी आणि आम्लवर्षा हे दोन शब्द आपल्या देशात जोडीने गाजले ते मथुरेमुळे. १९८२ मध्ये तिथली रिफायनरी सुरू झाली आणि ताजमहालाचा संगमरवर खाल्ला जाईल अशी भीती पसरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ३० डिसेंबर १९९६ ला निकाल लागला: ताजभोवतीच्या टापूतल्या २९२ कारखान्यांनी कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरावा, नाहीतर हलावं. तो टापू १०,४०० चौरस किलोमीटरचा. संगमरवराला खोकला येत नाही, तरी त्याच्यासाठी एवढी राखण झाली. चंद्रपूरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ च्या प्रदूषणाच्या निर्देशांकात ८३.८८ गुण देऊन देशात चौथा नंबर दिला होता. पेढे वाटायचे तेवढे राहिले.

पानांकडे ये. डाग पडलेलं पान तोडून उजेडात धर. वायूने भाजलेलं पान शिरांच्या मधे पांढुरकं-भुरकट होतं आणि शिरा हिरव्या राहतात. खालच्या जुन्या पानांवर, मागच्या बाजूने दही शिंपडल्यासारखी पांढरी भुकटी असेल तर तो दहिया. कडा लाल होत आत सरकत असतील तर लाल्या, म्हणजे बहुतेक अन्नद्रव्यांची ओढ. एक सोपी खूण आहे. रोग पीक निवडून येतो, वायू सहसा एकाच पिकावर थांबत नाही. पऱ्हाटीवर डाग आणि शेजारच्या तुरीवर, धुऱ्यावरच्या गवतावर काहीच नाही, असं असेल तर चिमणीला लगेच दोष देऊ नकोस. पाच-सहा पानं कागदात घालून सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखव. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, तिथेही दाखवता येतात. आणि पानांवर नुसतीच राख साचली असेल तर तीही नुकसानीचीच, पानाची छिद्रं बुजतात. पण पाऊस तिला उतरवतो.

टिनांचं थोडक्यात: त्यांच्यावरचा जस्ताचा थर ओली राख आणि थंडीतलं दव मिळून खातं. कोपऱ्यातली राख दसऱ्याला झाडून काढली की दोन-चार वर्षं जास्त टिकतील.

विहिरीचं पाणी आंबट व्हायची भीती सोड, आपल्या मातीत चुना भरपूर आहे. चंद्रपूर-यवतमाळच्या पट्ट्यात भीती फ्लोराइडची, आणि त्याचा चिमणीशी संबंध नाही, ते खडकातून येतं. राखेचं तळं विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर मात्र झिरपून येणारे क्षार आणि जड धातूही बघायला हवेत. जलजीवन मिशनमध्ये दर गावातल्या पाच बायांना पाणी तपासायची पेटी आणि शिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण, ते ग्रामपंचायतीत विचार. पेटी कपाटात कुलूपबंद असेल तर कुलूप उघडायला लाव. धातूंसाठी नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागेल.

आता पोरगी.

तू पावसाला भितेस आणि मला भीती वाटते ती दिवाळी ते होळी या महिन्यांची. थंडीत रात्री जमीन गार पडते, वरची हवा त्या मानाने गरम राहते, आणि गावावर झाकण बसल्यासारखं होतं. वारा नाही, पाऊस नाही. राखेची, कोळशाची, चुलीची बारीक धूळ त्या झाकणाखाली पहाटेपर्यंत कोंडून राहते. नाकाच्या केसांत अडकते ती जाड धूळ, तिला आपण शिंकरून टाकतो. केसाच्या तिसाव्या हिश्श्याइतका बारीक कण थेट फुप्फुसाच्या टोकाला जातो. त्या कणांची २४ तासांची मर्यादा आपल्या कायद्यात दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. आणि सल्फर डायऑक्साइड? तो दमेकऱ्याची श्वासनळी मिनिटांत आवळतो. पाऊस होण्याआधीच, कोरडा वायू म्हणूनच.

शिट्टी म्हणजे दमाच, असं मी इथे बसून सांगू शकत नाही. पण दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला आधी टीबीसाठी तपासायचा असतो, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरुवात कर. तिथून चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात लहान मुलांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी घे. नऊ वर्षांची पोर नळीत फुंकायची तपासणी नीट देऊ शकते, त्यात दमा आहे की नाही ते बरंचसं कळतं. दमा निघाला तर ते श्वासातून औषध घ्यायचा पंप देतील. मग घरात कुणीतरी म्हणणारच, पंपाची सवय लागते. लागत नाही. दर महिन्याला सलाईन आणि इंजेक्शन घेण्यापेक्षा पंपातलं औषध किती तरी कमी मात्रेत, थेट जिथे हवं तिथे जातं. लहान पोरांना पंपासोबत प्लॅस्टिकची नळकांडी देतात, ती मागून घे. आणि एखाद्या रात्री श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, बोलताना वाक्य तुटत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट पाहायची नाही. शेजाऱ्याची गाडी, १०८, जे मिळेल ते.

एक विचारते, राग मानू नकोस. घरी सिगडी पेटते का? घुग्घुस, वणी, बल्लारपूर, सगळ्या खाणपट्ट्यात आंगणातली कोळशाची सिगडी मी डोळ्यांनी बघितली आहे. संध्याकाळी गल्लीत पिवळट धुराचा पट्टा तरंगतो आणि पोरं त्यातच लपाछपी खेळतात. चिमणी २७५ मीटरवर धूर सोडते, सिगडी नाकाच्या हातभर खाली. सिलिंडर महाग आहे हे मला कळतं, गोळा केलेला कोळसा फुकट आहे हेही. निदान हे चार महिने सिगडी घराच्या मागच्या अंगाला, वारा जिकडे जातो तिकडे ठेव, आणि ती धरेपर्यंत पोरीला लांब राहू दे. झाडणीऐवजी ओलं फडकं फिरव. तोंडाला बांधलेल्या ओढणीने ही बारीक धूळ अडत नाही. एन-९५ मुखवट्याने अडते, वायू त्यानेही अडत नाही.

आणि तुझे मालक. राखेच्या कामावरचा माणूस घरी येतो तेव्हा अंगावर राख घेऊनच येतो. दारातच कपडे बदलणं, ते वेगळे भिजवणं, पोरीला उचलण्याआधी हातपाय धुणं, यात नोकरी जायचं काही कारण नाही. राखेत सिलिका, म्हणजे फुप्फुसाला बाधणारी वाळूसारखी भुकटी, असते. कामगाराची नियमित तपासणी करणं केंद्राच्या व्यवस्थापनावर कायद्याने बंधनकारक आहे, ठेकेदाराचा माणूस झाला म्हणून ते सुटत नाही. छातीचा एक्स-रे वर्षातून एकदा काढून घ्या आणि त्याची प्रत घरी ठेवा. ही प्रत म्हातारपणी कामाला येते.

त्यांची भीती खोटी नाही. चार दिवस कामावर बोलावलं नाही तर ठेकेदाराला कारण सांगावं लागत नाही. म्हणून तुझं नाव कुठेच नको. ग्रामसभेत ठराव कर, तो गावाचा होतो: ट्रकांवर ताडपत्री, राखेच्या तळ्यावर पाणी, गावात हवा मोजायचं यंत्र. बचत गटातल्या आठ-दहा जणी आधी तयार कर आणि ठराव दुसरीच कुणी मांडू दे, जिच्या घरी केंद्राचा पगार येत नाही तिने. ठरावाची प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूरच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे नुसतं बोलणं. चंद्रपूर शहरात आणि खुटाळ्याच्या एमआयडीसीत हवा मोजायची यंत्रं आहेत, त्यांचे आकडे केंद्रीय मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर रोज दिसतात. तुमच्या खेड्याची हवा तीच असेल असं नाही, पण तुलनेला कामाचे. पुढे गावाने ठरवलंच तर हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्याला आहे. तिथे मात्र भाषणं चालत नाहीत, कागद लागतात.

म्हणून एक वही कर. शंभर पानी, शाळेची चालेल. रोज एक ओळ: तारीख, चिमणीचा धूर कुठल्या दिशेला वाकला होता, ओट्यावर बोट फिरवलं तर राख लागली का, पोरगी रात्री किती वेळा उठली, पंप किती वेळा लागला. पोरीलाच लिहायला लाव, तिला आवडेल.

वावर विकण्याचा निर्णय आज घेऊ नकोस. घाबरून विकलेल्या जमिनीला भाव मिळत नाही, आणि तीन एकर विकून भाड्याची खोली घ्याल ती कुठल्या रस्त्याच्या कडेला, कुठल्या कारखान्याच्या पाठीशी असेल, सांगता येत नाही. तुझ्याच भावाचं बघ, मुंबईसारख्या मुंबईत जाऊन त्याच्या नशिबी माहूल आलं. त्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत पोरीला पंधरा-वीस दिवस तुझ्या माहेरी, चिमणीपासून दूर ठेव. औषध तेच चालू राहू दे, वहीही तिच्यासोबत जाऊ दे, आणि माहेरी चूल असेल तर तिच्याजवळ झोपवू नका. तिथे शिट्टी थांबली आणि परत आल्यावर आठवड्यात सुरू झाली, तर थंडीतले चार महिने तिने मामाकडे राहून तिथल्याच शाळेत जावं का, हा विचार कर. त्यासाठी वावर विकावं लागत नाही. माहेरीही शिट्टी तशीच वाजत राहिली तर कारण दुसरं आहे, आणि डॉक्टरांना ते सांगणं फार महत्त्वाचं.

संक्रांत झाली की मला पुन्हा लिही. वही उघडी ठेवून लिही, तारखांसकट.